आत जाताना उजवा, बाहेर येताना डावा

लकव्यातून सावरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा गाडीने तपासणीला न्यायचं ठरलं की घरात एकच हिशेब सुरू होतो: माणसं किती लागतील? शेजारच्या मुलाला सांगून ठेवतात, ड्रायव्हरला विचारून ठेवतात, पुतण्याला सुटी घ्यायला लावतात. खरं तर दोन माणसं पुरतात. चार झाली की काम बिघडतं, कारण चौघं चार दिशांनी ओढतात आणि त्यातला एक जण हमखास लुळा हात धरतो. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, हाताचं सगळं वजन नुसत्या सांध्यावर लोंबत असतं. त्याला एक हिसका बसला तरी खांदा खाली सरकतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. पेशंटला चालणं जमायला लागतं तरी तो खांदा बरा झालेला नसतो.

इथे लिहिलं आहे ते डावं अंग गेलेल्या, सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या, आधार दिला तर अर्धा मिनिट उभं राहू शकणाऱ्या माणसाला व्हीलचेअरवरून गाडीत बसवण्या-उतरवण्याबद्दल. नागपुरात घरोघरी जाऊन हेच काम करताना जे हाताला कळत गेलं, ते तसंच उतरवलं आहे. उजवं अंग गेलं असेल तर बाजू उलटी करायची. उभंच राहता येत नसेल तर रीत वेगळी, तीही पुढे येईल.

आदल्या दिवशी टेप घेऊन तीन मापं घ्यायची. पेशंट बसलेला असताना गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं अंतर, जे बहुतेकांचं १६-१७ इंच भरतं. व्हीलचेअरच्या बैठकीची उंची, गादी धरून साधारण १९-२०. आणि गाडीच्या सीटची बाहेरची कड जमिनीपासून किती वर आहे ते. सेदान गाड्यांत ही कड २० इंचांच्या आसपास येते, उंच बांध्याच्या हॅचबॅकमध्ये २३-२४ आणि मोठ्या एसयूव्हीत २८-३०. घरी एसयूव्ही असली की घरच्यांना वाटतं, मोठी गाडी आहे, आरामात जातील. आत बसल्यावर आराम असतो हे खरं, पण त्या सीटपर्यंत पेशंटचा पार्श्वभाग पोचतच नाही. मग उचलणं आलं, आणि उचलण्यातच कंबर जाते, उचलणाऱ्याची. सेदानमध्ये उलटं होतं: माणूस आत जातो झटकन, पण खोल बसतो, गुडघे कमरेच्या वर येतात आणि बाहेर काढताना विहिरीतून काढल्यासारखं होतं. शिवाय छत इतकं खाली की डोकं आपटतंच. मधली, वॅगनआरच्या उंचीची गाडी या कामाला सगळ्यात बरी. व्हीलचेअरपेक्षा तीन-चार इंच उंच, म्हणजे आत जाताना थोडं चढण आणि बाहेर येताना उतरण. वॅगनआरसाठी तर मारुतीने २०२५ च्या डिसेंबरात बाहेर वळणारी सीट आणली. ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं त्यांनी तिची चौकशी जरूर करावी. महिन्यातून एकदा जाणाऱ्याचं काम जुन्या पद्धतीनेही होतं.

एसयूव्हीच न्यायची असेल तर सुताराकडून एक चौथरा करून घ्या: २४ इंच लांब, १८ रुंद, ५ उंच, खाली रबराची पट्टी. न्हाणीतलं प्लॅस्टिकचं स्टूल कधीही नको. ते एका कडेवर भार आला की उलटतं, आणि पेशंटचा भार नेहमी एकाच कडेवर येतो. चौथऱ्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी अधू पाय. पेशंटला हे पाठ करायला लावा, जिन्यावरही कामी येतं.

आता रस्ता. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको, सिमेंटचे रस्ते झाले तसे कितीतरी लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांत, रस्ता वर आणि घर खाली अशी अवस्था आहे. पावसाळ्यात पाणी आत येतं ते वेगळंच. आपल्या कामात अडचण अशी की फाटकातून रस्त्यावर जायला एक आखूड, उभा उतार बांधलेला असतो. रॅम्पचा नियम फुटाला बारा फुटांचा. इथे फूटभर उंचीला तीन फुटांचा उतार सापडतो. त्या उतारावर गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून माणूस बसवायचा नाही. गाडीचं नाक चढाच्या बाजूला असलं की उघडलेलं दार आपोआप मिटतं, तेही नेमकं पेशंटचा पाय उंबरठ्यावर असताना. नाक उताराकडे असलं तर दार मिटत नाही, पण सीट पुढे कलते आणि माणूस घसरतो. गाडी एकतर पूर्ण आवारात, सपाट जागी घ्या, नाहीतर पूर्ण रस्त्यावर. रस्त्यावर घेतली तर डावी बाजू घराकडे, आणि नाली किंवा भिंत यांच्यापासून चार फूट अंतर. पूर्ण उघडलेलं दारच तीन फूट जागा खातं, व्हीलचेअर दोन फुटांहून थोडी रुंद, आणि तुम्हाला पाय रोवायला जागा हवीच. नालीवरची फरशी हलते का ते आधी स्वतः उभं राहून बघा.

फुटपाथची उंची कधी कामी येते, कधी नडते. एसयूव्ही सहा इंची फुटपाथला लावली आणि पेशंट फुटपाथवर उभा केला तर २८ इंचांची सीट त्याच्यासाठी २२ ची होते. हीच युक्ती सेदानला केली तर सीट १४ इंचांवर जाते आणि दाराची खालची कड फुटपाथला घासते.

कोणत्या दाराने न्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे. माणूस नेहमी चांगल्या अंगाकडे सरकतो, अधू अंगाकडे नाही. गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या दाराशी व्हीलचेअर गाडीच्याच तोंडाने ठेवली की गाडी पेशंटच्या उजव्या हाताला येते. डावं अंग गेलेल्याला हे सोयीचं: उजवा हात पुढे, उजवा पाय आधी आत. उजवं अंग गेलं असेल तर त्याला गाडीच्या उजव्या बाजूचं मागचं दार सोयीचं, पण ते रहदारीकडे उघडतं, म्हणून गाडी आवारात घेण्याचा आग्रह धरायचा. आत जाताना जे दार सोयीचं, तेच बाहेर येताना उलटं पडतं हे मात्र घरच्यांच्या लक्षात येत नाही. उतरायला तोंड बाहेर करून सीटच्या कडेवर बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला उघडलेलं दार असतं, व्हीलचेअर डाव्या हाताला, म्हणजे अधू अंगाकडे सरकावं लागतं. म्हणून बसवायला दहा मिनिटं आणि उतरवायला पंधरा असा वेळ धरावा. लोक नेमकं उलटं करतात. घरून निघताना पाऊण तास आणि दवाखान्याच्या पोर्चमध्ये दोन मिनिटं.

उन्हाळा असेल तर वेळेचा प्रश्नच वेगळा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेर उभ्या गाडीच्या सीट बेल्टचं बक्कल, दाराच्या उंबरठ्यावरची पट्टी, व्हीलचेअरचे स्टीलचे पाय ठेवायचे पट्टे, सगळं चटका देतं. आपण हात झटकन मागे घेतो. लकव्यात, जुन्या मधुमेहात, मणक्याच्या दुखापतीत त्या भागाला संवेदनाच नसते किंवा कमी असते. माणूस ओरडत नाही, पाय तसाच राहतो आणि संध्याकाळी मोजा काढताना फोड दिसतो. म्हणून गाडी सावलीत, दहा मिनिटं आधी एसी चालू, आणि हाताची मागची बाजू सीटवर, बक्कलवर, उंबरठ्यावर टेकवून बघायची. पाच सेकंद ठेववत नसेल तर ओला दुपट्टा फिरवा. शक्य तर अपॉइंटमेंट सकाळी दहाच्या आतली घ्यावी. रेक्झिनच्या सीट कव्हरवर घामाने कपडा चिकटतो, त्यावर सुती चादर टाकावी. लाकडी मण्यांचं कव्हर काढून ठेवावं, ते पाठीला ठीक वाटत असलं तरी सरकताना कातडी सोलतं.

सीटची तयारी पाच मिनिटांची. पुढची डावी सीट पूर्ण मागे, पाठ जरा कलती. जास्त कलती केली तर लकव्याचा पेशंट मागे पडतो आणि परत सरळ होता येत नाही. सीट वर घ्यायची सोय असेल तर वर. मध्ये खळगा असतो, तो जुनी सतरंजी चौपदरी करून भरायचा. मऊ उशी नको, ती दबते आणि माणूस पुन्हा खोल. त्यावर एक मोठी पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, पसरायची, कापडाच्या दुकानात मिळते तशी, जाड. पन्नीवर सुती पायजमा सरकतो, हीच सगळी करामत. यासाठी वेगळी कापडं विकत मिळतात, चांगलीही असतात, पण पन्नी प्रत्येक घरी असते. फिरती गोल गादीही मिळते; सपाट सीटवर ती बरी चालते, खोलगट सीटवर डुगडुगते.

कमरेला बांधायचा पट्टा मात्र विकत घ्या. चार इंच रुंद, जाड, शक्यतो हातात धरायच्या कड्या असलेला. सर्जिकलच्या दुकानात मिळतो. कपड्यावरून, कमरेच्या हाडांवर, दोन बोटं जातील इतका घट्ट. पोटावर टाके असतील, नळी असेल किंवा पोटावरच्या छिद्राला लावलेली (स्टोमाची) पिशवी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा नको. पट्टा नाही म्हणून लोक पायजम्याची नाडी धरतात. नाडी तुटते आणि माणूस रस्त्यात उघडा पडतो, ती लाज त्याला पडण्यापेक्षा जास्त लागते. पुढच्या वेळी तो बाहेर निघायलाच नको म्हणतो.

निघण्याआधी लघवी उरकून घ्या. कॅथेटर असेल तर पिशवी रिकामी करा आणि पुढे काहीही झालं तरी ती मूत्राशयापेक्षा खालीच राहील असं बघा. मांडीवर ठेवली तर लघवी उलटी जाते. पायात चप्पल नको. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट, डॉक्टरांनी पायाची स्प्लिंट दिली असेल तर ती घालूनच. मग पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटं पाय खाली सोडून बसवायचं. बरेच दिवस झोपून असलेल्या माणसाचा रक्तदाब उठल्यावर उतरतो, उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेल्याचा तर नक्कीच. चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, बोलणं तुटक होतं. असं दिसलं तर परत आडवं करायचं. गाडी थांबेल, डॉक्टर थांबतील.

व्हीलचेअर दाराशी लावताना ती थेट समांतर न लावता गाडीशी थोडा कोन करून लावायची, पुढचं टोक किंचित बाहेरच्या बाजूला, मागचं चाक गाडीच्या जवळ. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून खात्री करा. पाय ठेवायचे पट्टे बाजूला फिरतात तसे फिरवा, काढता येत असतील तर काढाच, कारण ते पिंढरीला ओरखडतात. गाडीकडचा हात टेकायचा दांडा काढता आला तर उत्तम. गाडीचं इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. दाराची काच खाली. दार शेवटच्या खटक्यापर्यंत उघडून दुसऱ्या माणसाने ते कमरेने अडवून धरायचं, कारण पेशंट दारालाच धरणार, कितीही सांगितलं तरी. नुसतं दार धरलं तर ते हलतं. कोणी अडवून धरलेलं असेल आणि काच खाली असेल तर दाराची चौकट हा चांगला आधार आहे. बोटं मात्र बिजागरीच्या फटीत जायला नकोत. दाराचा खटका चौकटीवरच्या ज्या कडीत बसतो तिच्यात अडकवायचा एक हँडल बाजारात मिळतो, वीतभर लांब. उतरताना त्याचा खरा उपयोग होतो, पण तो चांगल्या हाताकडे येत असेल तरच.

एकच माणूस बोलेल हे आधी ठरवा. बाकी सगळे गप्प. "काकाजी, पुढे झुका, नाक गुडघ्याच्या पुढे न्या." उठण्याचं सगळं मर्म या झुकण्यात आहे. माणूस ताठ बसून उठायला गेला तर त्याचं वजन मागे राहतं आणि ते सगळं तुमच्या कंबरेवर येतं. नाक पायाच्या बोटांवर आलं की वजन आपोआप पायांवर जातं. खुर्चीच्या कडेपर्यंत सरकवून घ्या, दोन्ही पाय जमिनीवर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. तुम्ही समोर उभे, पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. तुमचा उजवा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला बाहेरून-समोरून टेकलेला, म्हणजे तो गुडघा मोडणार नाही. हात दोन्ही बाजूंनी पट्ट्यावर. त्यांचा डावा हात त्यांच्याच मांडीवर किंवा गळ्यातल्या झोळीत. तुमच्या गळ्यात हात घालू द्यायचा नाही, प्रेमानेही नाही. घाबरले की ते सगळं वजन मानेवर टाकतात.

"एक, दोन, तीन" म्हणत दोन-तीन वेळा नुसतं झुलायचं आणि शेवटच्या तीनला उठायचं. उभं राहिल्यावर थांबा. इथे लगेच वळवायची घाई होते. पाच श्वास थांबा. पाय बघा. डावा पाय बहुतेक वेळा मागे राहिलेला असतो किंवा घोट्यातून आत वळलेला असतो. बुटाचं टोक जमिनीला चिकटून असतं आणि वरचं शरीर वळायला लागलेलं असतं. त्या क्षणी वळवलं तर घोटा मुरगळतो, गुडघा पिळवटतो, पेशंटला कळतही नाही. तुमच्या पायाने त्यांचं पाऊल हळूच सरळ करा, मग छोट्या छोट्या दोन-तीन पावलांत वळा. लाटेसारखं, एकदम गरकन नाही. मांडीच्या मागे सीटची कड लागली की त्यांना म्हणा, "कड लागली का? आता हनुवटी छातीला." सीट मागे कुठे आहे हे बघायला माणूस मान वर करून मागे वळतो आणि नेमकं तेव्हाच टाळू छताच्या कडेला लागते. तुमचा एक हात पट्ट्यावरून काढून डोक्यामागे, दुसऱ्याने धरून हळू खाली. धपकन बसू द्यायचं नाही.

बसले की ते सीटच्या कडेवर, तोंड बाहेर. आता दुसरा माणूस दार सोडून ड्रायव्हरच्या बाजूने आत येतो, पट्टा मागून धरतो. तुम्ही बाहेरून गुडघ्यांना आधार देऊन ढकलायचं, त्याने आतून ओढायचं. पन्नीवर माणूस दोनदा सरकवला की पाठ टेकते. मग पाय. उजवा पाय ते स्वतः घेतात. डाव्याला एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेखाली; पायजमा धरून उचलायचा नाही. दाराचा उंबरठा सीटपेक्षा खाली आणि पायाच्या जागेपेक्षा वर असतो, तिथे बुटाचं टोक अडकतं. टोक वर करून, आधी टाच आत. जागा कमी वाटली तर सीट अजून मागे नेता येते का बघा. बहुतेक वेळा ती एक खटका आधीच थांबलेली असते.

पन्नी आठवणीने काढा. ती तशीच राहिली तर पहिल्या ब्रेकला माणूस सीटवरून पुढे घसरतो आणि बेल्टचा खालचा पट्टा पोटात रुततो. बेल्ट कमरेच्या हाडांवर हवा, पोटावर नाही, आणि तो ड्रायव्हरच्या बाजूने लावावा. पेशंटच्या अंगावरून वाकून लावताना तुमचं कोपर त्याच्या छातीत जातं. लुळ्या हाताखाली एक छोटी उशी, पाठीमागे सैल उशा नकोत. डाव्या बाजूला शरीर कलतं, दार आणि खांदा यांच्या मधे टॉवेलची गुंडाळी ठेवली की बसणं सरळ राहतं.

व्हीलचेअर शेवटी डिकीत. साधी स्टीलची खुर्ची १७ ते २० किलो भरते, घडी केली तरी दहा-बारा इंच जाड. सीएनजीच्या गाडीत टाकीने डिकी भरलेली असते, खुर्ची मावतच नाही. टॅक्सी बोलावताना हे आधी विचारून घ्या, नाहीतर खुर्ची मागच्या सीटवर आणि सोबतचा माणूस ऑटोने मागोमाग. दवाखान्यात खुर्ची मिळेलच या भरवशावर जाऊ नये. मिळते, पण ब्रेक नसलेली किंवा एकच पाय ठेवायचा पट्टा असलेली.

सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं थोडं वेगळं असतं. खुबा बदललेल्या माणसाला शस्त्रक्रिया कशी केली त्याप्रमाणे बंधनं दिलेली असतात, आणि त्यात बहुधा कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकू नका, हे पहिलं असतं. त्यासाठी सीट उंच करायची, पाठ बरीच कलती ठेवायची, आधी पार्श्वभाग ड्रायव्हरच्या सीटच्या दिशेने खोल सरकवायचा आणि मगच, मागे रेलून, पाय सरळ ठेवत एकाच झोकात आत वळायचं. नाक गुडघ्यापुढे हे त्यांना लागू नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे खुब्याचं हाड झिजलेली तरुण मुलंही असतात. ती चपळाईने बसायला जातात, त्यांना आवरावं लागतं.

पार्किन्सन असलेला माणूस ताकद असूनही दाराशी येऊन गोठतो. ओढलं की आणखी गोठतो. त्याच्या पावलासमोर आपलं पाऊल आडवं ठेवून "याच्यावरून पाय टाका" म्हटलं की बहुधा सुटतो.

दोन्ही पायांतली ताकद गेलेल्या माणसाला उभं करायचंच नाही. त्याच्यासाठी फळी: १८ मिलिमीटर प्लाय, ३० इंच लांब, ८-९ रुंद, कडा गोल करून, घासून, पॉलिश केलेली. एक टोक मांडीखाली, दुसरं गाडीच्या सीटवर किमान सहा इंच. खुर्ची आणि सीट यांच्यात उंबरठ्यामुळे आठ-दहा इंचांची दरी राहते, ती फळीने भरते. दोन्हीकडच्या उंचीत दोन-तीन इंचांपेक्षा जास्त फरक नको. हात फळीच्या कडेखाली घालू देऊ नका, बोटं चिरडतात. माणसाला ओढण्यापेक्षा थोडं उचलून ठेवत-ठेवत न्यायचं, घसटलं की कातडी सोलते आणि बेडसोअरची सुरुवात तिथूनच होते.

आता उतरणं. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांसमोरची परिस्थिती नागपूरकर जाणतात: अरुंद गल्ली, दोन्हीकडे गाड्या, पोर्चमध्ये एक गाडी मावते आणि मागे तीन उभ्या. गार्ड शिट्टी मारतो, "गाडी पुढे घ्या जी, मागं लाइन लागून राहिली." या शिट्टीपायी जितकी माणसं घसरताना पाहिली तितकी दुसऱ्या कशापायी नाही. म्हणून गाडी थांबायच्या आधीच एकाने खाली उतरून गार्डला सांगायचं, "पंधरा मिनिटं लागतील, लकव्याचा पेशंट आहे." त्याने आधी ऐकलेलं असलं की तो मागच्यांना थांबवतो, न सांगता उभं राहिलं की तो तुमच्यावर ओरडतो. पोर्चमध्ये उतार असेल तर तिथे उतरवू नका, पार्किंगच्या सपाट जागेत उतरवून खुर्चीने आणा. दुरून आणणं परवडतं.

सीट मागे, पाठ सरळ. पन्नी पुन्हा खाली सरकवायची, एका कुशीवर झुकवून. आधी डावा पाय बाहेर, तुमच्या हाताने, मग उजवा. कडेपर्यंत आणा. दोन्ही पावलं पूर्ण जमिनीला लागली का बघा; पन्नी इथेच काढून टाका, नाहीतर कडेवरून थेट खाली. खुर्ची मागच्या दाराशी, पण या वेळी त्यांच्या डाव्या हाताला येते. थेट खुर्चीत वळवायला जाऊ नका. अधू अंगाकडे वळताना डावा गुडघा मोडतो आणि माणूस खुर्ची आणि गाडी यांच्या मधल्या फटीत बसतो. आधी पूर्ण उभं करा: उजवा हात दाराच्या चौकटीवर, तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला, नाक पुढे, एक दोन तीन. डोक्यावर हात, कारण उठतानाही छत लागतं. उभं राहिल्यावर गाडीपासून दोन पावलं पुढे, अधू पाय तुमच्या पायाने सरकवत. आणि तेव्हा दुसऱ्या माणसाने खुर्ची मागून आणून मांडीला टेकवायची आणि ब्रेक लावायचे. माणसाने खुर्चीकडे न जाता खुर्चीनेच माणसाकडे यायचं. ब्रेक लागल्याचा आवाज आला की मगच बसवा.

मागच्या सीटवर बसवलं असेल आणि माणूस बसून सरकू शकत असेल तर आणखी एक वाट आहे: डाव्या दाराने आत आणि सीटवरून सरकत उजव्या दाराने बाहेर. म्हणजे दोन्ही वेळा चांगल्या अंगाकडेच. मधला उंचवटा पायांना आडवा येतो आणि उजवीकडे रहदारी नसायला हवी, म्हणून हे आवारातच जमतं. मागच्या दाराला मुलांसाठीचं कुलूप लावलेलं नाही ना, तेही बघून ठेवा.

घरी परतल्यावर पट्टा सोडा, कपडे बदला आणि पेशंट पलंगावर असतानाच उजेडात डावी टाच, घोटा, नडगी, डाव्या हाताची बोटं आणि माकडहाड बघून घ्या. ओरखडा असेल तर धुऊन झाका. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर तासाभरात जातो. दाबूनही रंग तसाच राहिला, किंवा सावळ्या कातडीवर रंग कळत नसून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम आणि टणक लागली, तर त्या अंगावर झोपवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.